स्टेप मोजणारं घड्याळ : दीड वर्ष, सहा गावं आणि एक जांभळा पट्टा

ज्यांना फक्त घ्यावं की नाही एवढंच बघायचंय त्यांच्यासाठी आधी पटकन सांगून टाकते. दिवाळीच्या सेलमधे २७९९ ला घेतलं. बॅटरी दहा दिवस म्हणतात, पाच-सहा जाते. स्क्रीन घरात झकास, उन्हात आंधळी. पावसात, घामात, भांडी घासताना काही झालं नाही. पट्टा भिकार. अॅपमधे मराठी नाही, आणि जेवण टाकायला गेलं तर ओट्स नि क्विनोआ आहे पण ज्वारीची भाकरी नाही. तरी पैसे वसूल का, तर हो. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, ह्या किमतीतली सगळी घड्याळं आतून चुलतभावंडंच असतात.

आता ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी बाकीचं.

मी एका बँकेत शाखा तपासणीच्या कामात आहे. म्हणजे दहा-पंधरा दिवस या गावात, मग पुढच्या. दिवसभर खुर्चीत बसून व्हाउचर उलटायची, चार वेळा चहा, शाखेवाले समोसे मागवतात कारण ऑडिटवाल्या मॅडम खूश राहिल्या पाहिजेत. घर पुण्यात कोथरूडला, माहेर संगमेश्वर तालुक्यात, सासर औसा तालुक्यात, लातूरकडे. दीड वर्षापूर्वी रिपोर्टमधे तीन महिन्यांची शुगर ६.१ आली आणि डॉक्टरबाई म्हणाल्या गोळी नको इतक्यात, रोज चाला. म्हणून हे घड्याळ. तर झालं असं की दीड वर्षात हे एकच घड्याळ एकाच मनगटावर सहा-सात गावांत फिरलं आणि आकडे इतके वेगवेगळे आले की मला आधी वाटलं पीस खराब आहे. पीस ठीक होता.

आधी त्या दहा हजारांचं सांगते. घड्याळ चालू केलं की टार्गेट आपोआप १०,००० असतं. मला वाटायचं कोणीतरी मोठ्या डॉक्टरांनी अभ्यास करून ठरवलं असेल. तसं काही नाही, १९६४ ला टोकियोत ऑलिंपिक झालं आणि पुढच्याच वर्षी तिथल्या यामासा नावाच्या घड्याळाच्या कंपनीने पावलं मोजणारं यंत्र काढलं, त्याचं नाव मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. विकायला गोल आकडा बरा पडतो. जागतिक आरोग्य संघटना पावलांबद्दल नाही बोलत, ती म्हणते आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, म्हणजे चालताना दम लागेल पण बोलता येईल असा. आणि आपल्याकडे जेवल्यावर शतपावली होतीच की, आपलं टार्गेट शंभरच, जपानवाल्यांनी शंभरपट करून विकलं.

दुसरं, हे मोजतं कसं ते कळून घ्या, नाहीतर माझ्यासारखं घड्याळाशी भांडत बसाल. आत एक हालचाल ओळखणारा सेन्सर असतो, हाताला ठराविक लयीत झोके बसले की तो म्हणतो पाऊल पडलं. म्हणजे ते पाय मोजत नाही, हात मोजतं!! हात मोकळा हलवत चालणारा माणूस धरून बनवलंय. डाव्या हातात छत्री धरली, पिशवी धरली, पदर धरला, ट्रॉली ढकलली, की पावलं गायब. उलट धुणं आपटलं की पावलं वाढतात. एसटीत खिडकीशी बसून खड्ड्याखड्ड्यातून गेले तर औसा ते लातूर बसल्या जागी मला चारशे स्टेप्स मिळाल्यात, अभिनंदनाचा फटाकाही फुटला स्क्रीनवर. एसटीचे आभार.

पुण्यात हे घड्याळ सगळ्यात खूश असतं. कोथरूडमधे सकाळी सहाला बाहेर पडलं की टोपी-बूट-ट्रॅकपँटवाली माणसं दिसायला लागतात, कोणी कोणाला विचारत नाही की बाई कुठे निघालीस, उलट न जाणाऱ्यालाच विचारतात की काय हो दिसला नाहीत चार दिवस. टेकडी हा इथे धर्म आहे. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वतीच्या १०३ पायऱ्या, प्रत्येकाची आपली टेकडी आणि दुसऱ्याची टेकडी म्हणजे जरा कमी प्रतीची. पेन्शनर काकांचा ग्रुप अर्धा तास चढतो आणि एक तास बसून महापालिकेवर बोलतो, पण चढतो. फक्त गंमत अशी की टेकडीवर चालायला लोक घरून दुचाकीवर जातात, कारण मधल्या रस्त्यावर चालायची सोय नाही, फुटपाथवर गाड्या लावलेल्या, वरून त्याच फुटपाथवरून कोणीतरी हॉर्न मारत येतं. म्हणजे आधी पायथ्याशी पार्किंगवरून भांडायचं मग वर जाऊन प्राणायाम. आणि अंधार पडला की टेकडी आमची नसते, संध्याकाळी सातनंतर एकटी बाई तिथे थांबत नाही. सकाळी नळाला पाणी, डबे, मुलाचा क्लास ह्यातून ज्या बाईला वेळ मिळतो तिचीच टेकडी. माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई रोज चार सोसायट्या करतात, त्यांना मी एकदा सहज म्हटलं ताई तुम्ही चालायला जाता का, त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की विषय बदलला मी.

मुंबईला काम असलं की दादरला बहिणीकडे राहते. तिथे व्यायामाचं कोणी नाव काढत नाही आणि घड्याळ दुपारी एकलाच सहा हजार दाखवतं. जिना चढ, पूल उतर, प्लॅटफॉर्म बदल, सातची लोकल तिसऱ्यावरून चौथ्यावर आली की पळ. तिला म्हटलं अगं तुझं तर रोज होतंय सगळं, ती म्हणे ते चालणं नाहीये ते वाहून जाणं आहे, आणि घरी येते तेव्हा अंगात काही उरलेलं नसतं. बरोबरच आहे तिचं. पण मुंबईची एक गोष्ट मला दुसरीकडे कुठेच मिळाली नाही, कोणी बघत नाही. रात्री साडेदहाला शिवाजी पार्कच्या कट्ट्याबाहेरून मी एकटी तीन फेऱ्या मारल्या, एक फेरी सव्वा किलोमीटरच्या आसपास पडते, पंजाबी ड्रेस आणि पायात साध्या चपला, एकाही माणसाने मान वळवली नाही. मरीन ड्राइव्हलाही तेच. मला बरं वाटलं आणि थोडं रडूही आलं, ते का आलं ते पुढे सासरचं वाचलंत की कळेल.

कोल्हापूरला पहिल्याच दिवशी लॉजवरून शाखेत चालत गेले, जेमतेम दीड किलोमीटर. तर शाखेतले मामा धावत आले, मॅडम, गाडी न्हाई मिळाली व्हय? फोन करायचा की वो, पोरगं पाठवलं असतं. तीन दिवस मी रोज चालत येतेय म्हटल्यावर त्यांनी हळूच विचारलं, तब्येत बरी हाय न्हवं? कोल्हापुरात व्यायामाबद्दल आदर पुण्यापेक्षा जास्त आहे, खरंच सांगते. गंगावेस तालीम, मोतीबाग तालीम, शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान, १९५२ ला हेलसिंकीहून कांस्य आणणारे खाशाबा जाधव इथल्याच मातीत तयार झाले, फुटबॉलचे संघसुद्धा इथे तालमींच्या नावाने खेळतात. पण त्यामुळेच झालंय काय, व्यायाम म्हणजे जोर, बैठका, लाल माती, घाम, खुराक. चालणं हा आजारी माणसाचा उद्योग. मामांचं म्हणणं, चालून काय हुतंय मॅडम, जोर मारायला पायजेत. स्वतः मामांनी शेवटचा जोर पंचवीस वर्षांपूर्वी मारला होता, खुराक मात्र चालू आहे. आणि ह्या सगळ्यात बाईची जागा कुठे? कुस्ती खेळणाऱ्या मुली आता निघतायत, त्यांचं कौतुकही होतं, पण पंचेचाळिशीतल्या बाईने कुठल्या तालमीत जायचं. ती जाते रंकाळ्याला. रंकाळ्याच्या कडेने संध्याकाळी बायका भरपूर दिसतात, जोडीने, चौघीचौघी मिळून, पटपट चालतात, बोलतात, आणि मग भेळ. मीही खाल्ली. घड्याळ म्हणालं २४० कॅलरी जळल्या, भेळेचं त्याला काही सांगितलं नाही मी. सकाळी कट्ट्यावर समोर म्हैस पिळून दूध देतात ते पण पिऊन आले, तेही नाही सांगितलं.

नागपूर एप्रिलअखेर ते मे. माझं नशीब. स्क्रीन उन्हात दिसत नाही म्हणाले ना ते तिथलंच, हाताची सावली धरून वाकून बघायचं. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा इच्छाशक्ती वगैरे गप्पा कोणी मारू नयेत, तिथे दुपारी बाहेर न पडणं हाच शहाणपणा. मी पुण्याच्या सवयीने सहाला निघायची, शाखेतली माझ्याच वयाची एक बाई म्हणाली, मॅडम सहाला काहून जाता, पाचला निघत जा नं, साडेसहाला तर ऊन चटके देऊन राहते. गेले पाचला. सेमिनरी हिल्सला गर्दी!! अंबाझरीकडे गर्दी! सहकुटुंब, म्हाताऱ्याकोताऱ्या, लहान पोरं, आणि सातला सगळं रिकामं, जसं काही कर्फ्यू. रस्ते रुंद, झाडं भरपूर, चालायला पुण्यापेक्षा शंभरपट चांगलं शहर आहे, फक्त वर्षातले अडीच-तीन महिने ते तुम्हाला दिवसातले दोनच तास देतं. आणि ज्याला दहा वाजेपर्यंत दुकान उघडं ठेवायचंय तो पाचला उठणार कसा हो. रात्री नऊनंतर मात्र जेवून लोक परत निघतात, कूलरसमोरून उठून, शतपावलीला, ती शतपावली दीड-दोन हजारापर्यंत जाते. अमरावतीलाही दोन दिवस जाऊन आले, १९१४ पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ बाहेरून बघितलं, त्यांचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलेलं. एवढी परंपरा असलेल्या गावात मी ज्या शाखेत होते तिथे लिफ्ट बंद पडली तर पहिल्या मजल्यावर कोणी जायला तयार नव्हतं. असो.

माहेरी जुलैमधे गेले तेव्हा घड्याळाने सगळ्यात जास्त खोटं बोललं. आमचं घर वाडीत वरच्या अंगाला, रस्त्यापासून जांभ्या दगडाची पाखाडी म्हणजे पायऱ्यांची वाट, खाली वहाळ म्हणजे ओढा, वर सडा म्हणजे कातळाचा माळ. एकदा दुकानात जाऊन आलं की छाती भात्यासारखी. घड्याळाला चढ कळतच नाही, ह्या किमतीत उंची मोजणारा सेन्सर नसतो, त्याच्या लेखी पाखाडी चढणं आणि मॉलमधे हिंडणं एकच. त्यात डाव्या हातात छत्री, म्हणजे हात हलत नाही, म्हणजे पावलं नाहीत. पूर्ण दिवस वरखाली करून १८०० स्टेप्स आणि वर संदेश की आज तुम्ही फारसे हलला नाहीत. मी आईला दाखवलं, ती म्हणाली दे ते वहाळात टाकून.

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिकडे, बहुतेक सगळा चार महिन्यांत. चालायला जाते म्हटलं की आई, पावसात कुठं मरायला जातेस गो, निसरडं झालंय, फुरसं असतं, हल्ली बिबट्या दिसतो. ती काही बहाणे करत नव्हती, तिन्ही गोष्टी खऱ्या. शेवाळलेल्या जांभ्यावरून घसरून खुबा मोडलेल्या दोन बायका तर आमच्याच वाडीत आहेत. आणि आता वाडीपर्यंत डांबरी रस्ता आलाय, त्याचा आनंद मला कोणी समजावून सांगायला नको, आईला बाळंतपणाला डोलीतून न्यायला लागलं होतं. पण रस्ता आला तशी रिक्षा आली, पोरांच्या बाइक आल्या, आणि ज्या पाखाडीवरून माझी आजी डोक्यावर भारा घेऊन दिवसातून चारदा जायची तिथे आता गवत वाढलंय. आईच्या पिढीचे गुडघे चढून चढून गेले आणि भावाच्या पोरांचे पोट बसून बसून सुटलं. चालणं ही तिथे कधी हौस नव्हतीच, सुटका झाल्यावर परत कोण मागे जाईल. हौसेने चालतो तो चाकरमानी, गणपतीत येऊन बांधावर फोटो काढतो. मी पण त्यातलीच, मान्य आहे.

आता सासर. इथे जरा वेळ घेणारे.

लग्नाला वीस वर्षं झाली, पण गावात मी 'चालायला' म्हणून पहिल्यांदा बाहेर पडले ती गेल्या वर्षी. सकाळी सहा, शाळेवरून फाट्याकडे जाणारा रस्ता, दोन्ही बाजूला सोयाबीन, हवा मस्त. शंभर पावलं झाली नाहीत तोच पहिली बाइक थांबली. कुठं चाललाव वैनी? सोडू का? म्हटलं नको भाऊ, नुसतं चालायलेय. नुसतं? हो नुसतं. तो गेला पण वळून वळून बघत गेला. दुसरी बाइक. तिसऱ्या वेळी ट्रॅक्टर. मी परत आले तोवर घरी निरोप पोचला होता की सुनबाई एकटीच फाट्याकडे निघाली होती, घरात काही झालंय का. सासूबाई चुलीपाशी, वर न बघता, काय करायलीस गं, लोकाला काय सांगू मी?

पुण्यात बसून हे ऐकलं की माणूस म्हणतो गावातल्या लोकांची बुद्धी. पण मी चार दिवस विचार केला (आणि चालले अंगणातच, ५२ पावलांची एक फेरी, तुळशीला बाजूला ठेवून, डोकं गरगरलं). त्या रस्त्याला बाईने पहाटे जायचं कारण गावात वर्षानुवर्षं एकच होतं. हातात तांब्या, अंधारात, दोघीतिघी मिळून, पुरुष दिसला की उठून उभं राहायचं. घरोघरी संडास आता आता झाले. त्याच रस्त्यावर त्याच वेळेला मी बूट घालून हात हलवत निघाले, त्यांनी काय समजावं? बाकी बाई बाहेर पडते ती शेतात, पाण्याला, देवाला, दवाखान्यात. कारणाशिवाय रस्त्यावर असलेली बाई म्हणजे भांडून निघालेली. त्यात कुत्री, त्यात साडीत भरभर चालता येत नाही, बूट घातले तर पोरं हसतात, चपलेने टाच दुखते.

मग सुटलं कसं ते ऐका. सासूबाईंच्या मैत्रिणीने विचारलं तेव्हा मी म्हटलं, मावशी, शुगर निघाली, डॉक्टरीणबाईने सांगितलंय. बस्स. संपलं. त्या संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं आणि दुसऱ्या दिवशी तोच बाइकवाला भाऊ ओरडून गेला, चाला वैनी चाला, आमच्या आईलाबी सांगितलंय. चौथ्या दिवशी त्याची आई आली बरोबर. मग अजून एक, तिला बीपी. मग एक जिला काहीच नव्हतं, ती कानात म्हणाली मला न्हाई काही, पण मी सांगितलंय की गुडघ्याचं हाय. तिथे बाईला चालायला पास लागतो आणि तो पास म्हणजे आजार. आजारी पडल्यावर मिळतो ना तो, आधी नाही. ६.१ ला मी वीस वर्षांत पहिल्यांदा धन्यवाद दिले.

सासूबाई स्वतः मात्र आल्या नाहीत. त्यांची शुगर माझ्यापेक्षा जास्त. ह्याच बाई एकसष्टाव्या वर्षी आळंदीहून पंढरपूर चालत गेल्यात, अडीचशे किलोमीटर, पायाला फोड, तरी आनंदात. मी म्हटलं अहो तेवढं चाललात, शाळेला दोन फेऱ्या मारायला काय होतंय. म्हणाल्या, तिथं माऊली होती म्होरं, हितं कोण हाय, तुझं घड्याळ? निरुत्तर. म्हणून एक दिवस घड्याळच त्यांच्या हाताला बांधलं. सकाळी पाच ते रात्री नऊ, शेण, झाडलोट, गोठा, मळ्यात जाऊन येणं, कोंबड्यांमागे पळणं, तेरा हजार सातशे! एकदाही 'चालायला' न जाता. त्यातले थोडे धुण्याचे वजा करा, तरी माझ्या दुप्पट. त्यांना फटाका दाखवला तर म्हणाल्या ह्यात काय मोजायचं.

तेव्हा डोक्यात आलं आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे खुरपायला येणाऱ्या एका बाईला विचारून तिच्या हाताला बांधलं. सात तास खुरपणी, उन्हात, उकिडवं बसून पुढे पुढे सरकत. संध्याकाळी आकडा ४१००. आणि मधे तीन वेळा घड्याळ थरथरलं होतं तिच्या हातावर, तिला वाटलं फोन आला. तो संदेश होता की बराच वेळ बसलायत, उठा, जरा हला. मी तिला सांगितलं नाही काय लिहिलंय ते. म्हटलं बॅटरी कमी झालीये.

ही घड्याळं कोणाला समोर ठेवून बनवलीयत ते त्या संध्याकाळी कळलं. नंतर मी जरा शोधून वाचलं. २०१४ ला छापून आलेला आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) एक अभ्यास आहे, महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगड असा, त्यात महाराष्ट्रातल्या ९१ टक्के लोकांनी फावल्या वेळात व्यायाम म्हणून काहीच करत नाही असं सांगितलंय. चारही ठिकाणचे मिळून शहरातले ६५ टक्के लोक कमी हलणारे निघाले, खेड्यातले ५० टक्के. आणि २०२४ ला लॅन्सेट ग्लोबल हेल्थ ह्या वैद्यकीय नियतकालिकात जगभरचे आकडे आले त्यात भारतातले जवळपास निम्मे प्रौढ लोक पुरेसे हलत नाहीत, बायका ५७ टक्के, पुरुष ४२. बातम्यांत हे 'भारतीय आळशी' अशा मथळ्याने फिरलं. माझ्या मनगटाच्या अनुभवाने सांगते, आळशी म्हणायच्या आधी त्या बाईला विचारा की तुला घराबाहेर नुसतं पडता येतं का, पडलीस तर कुत्रं, बाइक, ऊन, निसरडं ह्यातलं काय आडवं येतं, आणि दिवसभर राबून आल्यावर तुझ्यात चालायला काय शिल्लक असतं. ५७ टक्क्यांत माझ्यासारखी खुर्चीवाली पण आहे आणि अंगणात गरगरणारी पण. कंपन्यांच्या जाहिरातीत मात्र एकच बाई, समुद्रकिनारी पळणारी, केस मोकळे.

बरं, परत वस्तूकडे येते, रिव्ह्यू आहे हा.

हृदयाचे ठोके बसून असताना ठीक दाखवतं, चढावर उशिरा जागं होतं. ऑक्सिजन मोजायचं एक बटण आहे, ते मी टेबलाच्या पायाला बांधून बघितलं, टेबलाला ९७ टक्के ऑक्सिजन आहे, तब्येत उत्तम. झोपेचं साधारण बरोबर, लॉजच्या गाद्यांवरची झोप त्याने बरोब्बर 'वाईट' सांगितली. टार्गेट बदलता येतं, आधी तेच करा, मी ७००० ठेवलंय, आणि दर तासाचं ते थरथरणं बंद करून टाका, विशेषतः रिजनल मॅनेजरसमोर बसला असाल तर. छत्रीच्या दिवसांत घड्याळ दुसऱ्या हाताला बांधा, सेटिंगमधे उजवा हात निवडायची सोय आहे, मला ती सापडायला आठ महिने लागले. एखाद्याने ते पायात पैंजणासारखं बांधून बघितलं तर कळवा, माझी हिंमत झाली नाही, सासरी तर नाहीच.

सर्व्हिस सेंटरला पट्ट्यासाठी गेले होते पुण्यात, तिथल्या मुलाने सांगितलं पट्टा वॉरंटीत येत नाही, नवीन ६९९, आणि आठ दिवसांनी या. आठ दिवसांनी गेले तर स्टॉक नाही. परत आठ दिवस. मग नादच सोडला. लातूरला गंजगोलाईत एका मोबाईलच्या टपरीवर दीडशेत मिळाला, पाच मिनिटांत बसवून दिला, फक्त रंग जांभळा होता, काळा संपला म्हणे.

शुगर ५.८ आली मागच्या महिन्यात. श्रेय घड्याळाचं किती, त्या मावशांचं किती, आणि समोसे बंद केल्याचं किती, ते मला वेगळं काढता येत नाही. गावातल्या त्या बायका अजून जातात, आता सात जणी आहेत, शाळेच्या मैदानात, गेटला कुलूप असतं म्हणून मागच्या बाजूने. त्यातल्या जिला गुडघ्याचं निमित्त आहे तिने परवा फोन करून विचारलं, वैनी तसलं घड्याळ केवढ्याला येतं, मला बी जांभळाच पट्टा पायजे. सेल लागला की कळवते म्हटलं.

पाचपैकी साडेतीन. पट्ट्याचा एक कापला आणि त्या खुरपणीच्या संदेशाचा अर्धा.